डब्यातली हवा

टॅबिथानं ते वाक्य मोठ्यानं वाचलं तेव्हा मी बटाटे सोलत होतो. सुरी थांबली नाही एवढं लक्षात आहे. साल लांबच लांब सुटत राहिली आणि आत, बरगड्यांच्या मागं कुठंतरी, काहीतरी खाली बसलं. खाणीतलं छत बसतं तसं. लोक म्हणतात आधी आवाज होतो. होत असेल. मी तीनदा बघितलंय आणि तिन्ही वेळा आवाज काही नव्हता, नुसती बारीक माती मानेवर पडली, कुणी मीठ भुरभुरावं तशी. मग उरलेलं सगळं. पोरगी टेबलाशी पाय वर घेऊन बसली होती, मांडीवर कॉम्प्युटर, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि ती वाचत होती, 'ह्या खाणीतली हवा माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं मोजलेली आहे. म्हणून ह्या आकड्यांवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याच आकड्यांवर नाही.' वाचून झाल्यावर तिनं चष्म्यावरनं बघितलं. कसं वाटतं, बाबा? मी म्हटलं, जरा लांब आहे. ती म्हणाली, कमिटीला लांबच आवडतं, आणि तुम्ही बटाटा सोलताय का त्याला मारताय? हातात बघितलं तर बटाटा अक्रोडाएवढा उरला होता.

रविवारची सकाळ होती. माझी बायको विल्मा गेल्यावर मी डोंगरातलं घर बंद करून इथं लेक्सिंग्टन शहरात पोरीकडं राहायला आलो, त्याला दीड वर्ष झालं होतं. चौथा मजला. घर चांगलं आहे, ऊन येतं, पण छत फार उंच. पंचवीस वर्षं चार फूट उंचीच्या कोळशाच्या थरात गुडघ्यांवर काढली की डोक्यावरची मोकळी जागा माणसाला सोसत नाही, सारखं वर लक्ष जातं. टॅबिथा म्हणते तुम्ही देवाला शोधताय का. मी म्हणतो, त्यानं मला शोधू नये म्हणून बघतोय. हसायची ती. तिला वाटायचं मी गंमत करतोय.

ते वाक्य ज्या अर्जातलं, तो अर्ज तिनं दोन महिने लिहिला. सरकारची एक योजना आहे. डॉक्टर झालेल्या पोरांनी मोठ्या पगाराच्या मागं न लागता संशोधन करायचं ठरवलं, तर त्यांच्या शिक्षणाचं कर्ज सरकार थोडंथोडं करून फेडतं. कर्ज केवढं ते मी एकदाच विचारलं, आणि आमचं घर, जमीन, ट्रक सगळं तीनदा विकलं असतं तरी पुरलं नसतं हे कळल्यावर परत विचारलं नाही. अर्ज वर्षातनं एकदाच घेतात. काय शोधणार ते लिहायचं, का ते लिहायचं, युनिव्हर्सिटीनं लिहून द्यायचं की ही पोरगी निम्मा आठवडा संशोधनच करेल, आणि वर मोठ्या लोकांची शिफारसपत्रं. तिचे साहेब डॉक्टर प्रुइट, त्यांनी तर पत्र तिलाच लिहायला लावलं, मी सही करतो म्हणाले. तशीच पद्धत आहे म्हणे, सगळे तसंच करतात. बिचारी दोन दिवस स्वतःची स्तुती लिहीत बसली होती, कान लाल करून. मला ते ऐकून कसंसंच झालं. एकानं भरायचं, दुसऱ्यानं सही करायची. असले कागद माझ्या ओळखीचे होते. गुरुवारी संध्याकाळी मुदत संपत होती. नाही मिळालं तर कोलंबस शहरातल्या एका हॉस्पिटलानं नोकरी धरून ठेवली होती तिच्यासाठी. तिथं ती दिवसाला तीस छात्या ऐकेल, आणि छाती बिघडली कशानं हे शोधायला तिला एक तास मिळणार नाही. आणि हे एवढंच एक काम तिला करायचं होतं, आठवीत असल्यापासून. तिच्या आजोबाला खिडकीशी बसून श्वास ओढताना तिनं बघितलं होतं, तेव्हापासून.

तर तिचं संशोधन असं. आमच्याकडच्या सहा नंबर खाणीतली जुनी कार्डं तिला मिळाली होती. हवेत धूळ किती ते दर दोन महिन्यांनी मोजायचं आणि कार्डावर लिहून सरकारला पाठवायचं असा कायदाच होता. एका बाजूला ती कार्डं आणि दुसऱ्या बाजूला त्याच खाणीतल्या माणसांच्या छातीचे फोटो. कार्डं म्हणतात हवा स्वच्छ. फोटो म्हणतात फुप्फुसं दगड झालीत. मग हे कसं? टॅबिथानं त्याचं उत्तर काढलं होतं. धूळ कमी होती, तरी माणसं गेली, म्हणजे माणसांतच काहीतरी कमी असणार. रक्तात. आमच्या डोंगरातली घराणी पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं करत आलीत, तर त्या रक्तात असं काहीतरी उतरलं असेल की थोड्याशा धुळीनंसुद्धा फुप्फुस हार मानतं. ते शोधायचं म्हणून ती माणसांचं रक्त गोळा करणार होती. हे तिनं मला बटाट्यांवरच समजावून सांगितलं, हा चांगला, हा डागी, दोघांनाही माती तेवढीच. मी मान हलवत राहिलो. आणि मानेवर मीठ पडतच राहिलं.

कारण कार्डांवर सही माझी आहे. व्ही. स्टिडम. व्हर्जिल स्टिडम, धूळ मोजणारा. परीक्षा देऊन मिळवलेलं होतं ते, सहावी शिकलेल्या माणसानं परीक्षा देऊन, विल्मानं रोज संध्याकाळी प्रश्न विचारून माझ्याकडनं पाठ करून घेतलेलं. धूळ मोजायचा पंप म्हणजे एक पेटी, विटेएवढी, कमरेच्या पट्ट्याला लावायची. त्यातनं एक नळी निघते ती गळ्याशी, आणि तिच्या तोंडाशी छोटी गाळणी. आठ तास ती हवा ओढते, माणूस ओढतो तशी, आणि शेवटी त्या गाळणीचं वजन करतात. कोळसा कापायच्या यंत्रावरच्या माणसानं ती लावायची. यंत्रावर मीच. पहिल्या वर्षी मी ती कमरेला लावली, कायद्यात होतं तशी, दोनदा. आकडा आठ आला. दोनच्या वर चालत नव्हता. मुकादम होबार्ट मला बाजूला घेऊन गेला. ओरडला वगैरे नाही, उलट खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, व्हर्जिल, हा आकडा वर गेला की ही पाळी बंद, पाळी बंद म्हणजे चाळीस घरांतली चूल बंद, त्यातली एक तुझी, तुला पोरगी झालीय ना परवा? आणि कार्ड फाडून खिशात घातलं. मग म्हणाला, तुझा डबा कुठं ठेवतोस?

ॲल्युमिनियमचे गोल डबे असायचे आमचे, खाली पाणी, वर जेवण. डबे आम्ही ठेवायचो बाहेरनं ताजी हवा येते त्या वाटेच्या तोंडाशी, म्हणजे जेवणात कोळसा पडू नये. पंप वरच्या कप्प्यात बरोब्बर बसायचा. झाकण बोटभर उघडं ठेवायचं. आठ तास तो पंप तिथं बसून डोंगरावरची हवा प्यायचा, आणि दोनशे फूट आत आम्ही एकमेकांना दिव्याशिवाय दिसायचो नाही. पाळी संपली की मी कार्ड भरायचो. शून्य पूर्णांक सहा. शून्य पूर्णांक चार. हात चांगला होता माझा, अक्षर वळणदार. एकदा इन्स्पेक्टर म्हणालासुद्धा, तुमच्या खाणीत पिकनिकला यायला पाहिजे. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता खोकलो.

दर दोन महिन्यांनी पाच दिवस. त्याला आमच्या घरात पंपाचे दिवस म्हणायचे. त्या पाच दिवसांत विल्मा माझ्या डब्यात पावाचे दोन तुकडे घालायची आणि रोजची करंजी, सफरचंद भरून चरबीत तळलेली, ती घरी राहायची. टॅबिथा ती खायची. चार-पाच वर्षांची होती तेव्हा कॅलेंडरवर बोट ठेवून विचारायची, बाबा, पंप कधी? विल्माला मी त्याचं कारण कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. एकदा फक्त, डबा घासताना, वरच्या कप्प्यात तेलाचा चौकोनी डाग होता त्यावर अंगठा फिरवत उभी राहिली बराच वेळ. मी दारातनं बघितलं आणि परत अंगणात गेलो.

सोमवारी पोरगी कामाला गेली आणि मी दिवसभर घरात फिरलो. कुणी बेल वाजवली तर मी दार उघडायचो नाही. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात ह्याच कामासाठी दोन मुकादमांना जेल झाली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून मला सूट घातलेल्या कुठल्याही माणसाची भीती वाटते, चर्चमधल्याचीसुद्धा. पण खरं सांगायचं तर जेलची भीती वरवरची होती. म्हातारा झालोय, जेलमध्ये छत तरी बेताचं असेल. भीती दुसरीच होती, आणि तिच्याकडं बघायचं म्हटलं की मी उठून काहीतरी करायला लागायचो. भांडी. खिडकीची काच. दुपारी खोकला आला तेव्हा मी नळ सोडला. ती माझी सवय. घरात डॉक्टर असल्यावर खोकायचं कसं? नळ जोरात सोडायचा, टॉवेल तोंडात धरायचा. तिच्यासमोर श्वास वरचावर घ्यायचा, गळ्यापर्यंतच, खाली सोडायचाच नाही. ती किती वेळा म्हणाली छातीचा फोटो काढूया, बाबा, दहा मिनिटांचं काम. मी म्हणायचो माझे फोटो चांगले येत नाहीत. त्या सोमवारी घरात कुणीच नव्हतं, तरी मी नळ सोडला. खोकून झाल्यावर लक्षात आलं आणि तसाच उभा राहिलो, पाणी वाहत होतं.

एस्टिल आठवला. आठवायचा नाही म्हणून दीड वर्ष ठरवलेलं. एस्टिल माझ्या मागं असायचा, छताला खिळे मारायला, म्हणजे माझ्या यंत्रानं उडवलेली सगळी धूळ त्याच्या तोंडात. वीस वर्षं माझी धूळ खाल्ली त्यानं आणि रोज पाळी संपल्यावर म्हणायचा, व्हर्जिल, आज तुझ्या हाताला मीठ कमी होतं. शेवटी त्याला चर्चच्या तीन पायऱ्या चढवेनात. सरकारी भरपाईसाठी सुनावणी झाली तेव्हा कंपनीच्या वकिलानं कार्डं मांडली, माझी कार्डं, एकाशेजारी एक, सुबक. म्हणाला हवा तर स्वच्छ होती, मग हे सिगारेटमुळं असेल, नाहीतर घराण्यातच असेल. एस्टिलनं जन्मात सिगारेट ओढली नव्हती. त्याची बायको ग्लेना बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "व्हर्जिल, तू मोजायचास ना? तू सांग ना आत जाऊन." आणि मी, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मी टोपी हातात फिरवत म्हटलं, "कार्डावर आहे ते आहे, ग्लेना." तिनं मान हलवली. विश्वास ठेवला तिनं. एस्टिल आठ महिन्यांनी गेला, आणि मयताच्या जेवणात तिनं मला स्वतः वाढलं, दुसऱ्यांदा वाढलं.

आता वकील जे बोलला तेच माझी पोरगी लिहीत होती. घराण्यातच असेल. फरक एवढाच की वकिलाला ते खोटं आहे हे ठाऊक होतं आणि पोरीला ते खरं वाटत होतं, कारण खाली तिच्या बापाची सही होती. ती ग्लेनाच्या पोरांकडं जाऊन रक्त मागणार होती. दंडाला रबर बांधून. तुमच्यात काहीतरी कमी आहे, तेवढं शोधते. आणि तीच भीती होती. तिनं मला सोडून द्यावं ही नाही, तिनं माझ्यावर विश्वास ठेवत राहावं ही. वर्षानुवर्षं. त्यावर पुस्तकं लिहावीत, बक्षिसं घ्यावीत, आणि मी पहिल्या रांगेत बसून वरचावर श्वास घ्यावा. पण सांगितलं तर? सांगितलं तर अर्ज गेला, दोन महिन्यांचं नाही, चार वर्षांचं काम गेलं, पोरगी कोलंबसला गेली. आठवीपासूनचं सगळं, बापाच्या एका वाक्यानं. मंगळवारी मी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. एकदा तिनं विचारलं काय हवंय, मी म्हटलं मीठ कुठं ठेवलंस. दुसऱ्यांदा ती म्हणाली, मीठच ना?

बुधवारी ती दुपारीच घरी आली. सगळी पत्रं पोचली होती, युनिव्हर्सिटीचा कागद आला होता, एक दिवस आधीच पाठवून मोकळी होते म्हणाली. ओव्हरकोट न काढताच तिनं तवा चढवला. आईच्या हातच्या करंज्या करणार होती. विल्माची वही काढून, कणीक फाटलेली, एकीकडनं करपलेल्या, सारण बाहेर आलेलं. घरभर चरबीचा आणि दालचिनीचा वास. त्या वासानं मी खुर्चीतच आक्रसलो. तिनं बशी माझ्यासमोर ठेवली, कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला आणि म्हणाली, "पंपाच्या दिवशी करंजी. शकुन आहे, बाबा. बटण तुम्ही दाबा, तुमच्या हाताला यश आहे."

बटण निळं होतं. मी बोट पुढं केलं. खोटं कशाला सांगू, दाबणार होतो. बोट काचेच्या इतकं जवळ गेलं की त्याची सावली पडली त्यावर, कोळसा खोल गेलेल्या नखाची. आणि मला एकदम ते सोपं वाटलं, फार सोपं, कार्ड भरण्याइतकं सोपं. त्या सोपेपणाचीच भीती वाटली. मी बोट मागं घेतलं.

"टॅबी," मी म्हटलं, "करंजी घरी का राहायची, सांग बघू."

"तुम्हाला खायला वेळ नसायचा."

"वेळ होता. डब्यात जागा नव्हती."

ती हसली आधी. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. पोरगी माझी, पण ते डोळे डॉक्टरचे होते, फोटो उजेडाला धरून बघतात तसे. डब्यात काय होतं, असं तिनं विचारलं नाही. तिला चार वर्षं ती कार्डं पाठ होती. बशीतल्या करंजीकडं बघत तिनं हळू विचारलं, "प्रत्येक वेळी?"

"दोनदा कमरेला लावला. पहिल्या वर्षी. त्यानंतर प्रत्येक वेळी."

"त्या दोनदा किती आला?"

"आठ."

"आठ," ती म्हणाली. पेन्सिल केसांतनं काढली, कशावर तरी लिहायला, आणि लिहायला काही नव्हतं, तर तशीच हातात धरली. मी तिला डब्याचं सगळं सांगितलं. होबार्टचं सांगितलं, एस्टिलचं सांगितलं, बाकावरचं सांगितलं. किती वेळ गेला कोण जाणे. करंज्यांवरची चरबी पांढरी झाली. मला वाटत होतं ती ओरडेल, मी त्या ओरडण्याची वाट बघत होतो, छताची बघतात तशी. ती उठली, तवा शेगडीवरच होता, खालची आच बंद केली, आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटलं, लागलं नाही.

मी ऐकलं सगळं. डॉक्टर प्रुइटना तिनं सांगितलं, ह्या वर्षी अर्ज पाठवत नाही. मग बराच वेळ ते बोलत असावेत. मग ती म्हणाली, हो, कोलंबसचं माहीत आहे मला. मग परत ते. मग ती म्हणाली, रक्तात काही नाही, सर, आकडे खोटे आहेत, सगळी कार्डं, नव्यानं सुरू करावं लागेल. परत ते बोलले. मग ती म्हणाली, "कुणी सांगितलं ते मी आत्ता सांगू शकत नाही."

मी उठलो. गुडघे वाजले. दार ढकललं तर ती खिडकीकडं तोंड करून उभी होती, ओव्हरकोट अजून अंगातच.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "कार्डावर नाव आहेच."

तिनं वळून बघितलं माझ्याकडं. रडत नव्हती. फोनवर पलीकडनं डॉक्टर हॅलो हॅलो म्हणत होते. त्यांना म्हणाली, सर, मी उद्या येऊन बोलते, आणि फोन पलंगावर ठेवून दिला. कोलंबसचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. अजून ठरायचं आहे. ग्लेनाकडं मला जायचंय, ते मात्र ठरलंय. पोरगी गाडी चालवेल म्हणाली, पण ते तिनं नंतर सांगितलं, दुसऱ्या दिवशी.

त्या वेळी दाराला अडकवलेली पिशवी तिनं घेतली, त्यातनं कानाला लावायची नळी काढली आणि मला पलंगाच्या कडेवर बसवलं, पाठ उजेडाकडं करून. मी नको म्हणायला तोंड उघडलं. तिनं शर्ट वर केला. नळीचं तोंड गार होतं, एवढं गार की मी लहान पोरासारखा दचकलो. तिचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

मी घेतला, सवयीनं, वरचावर, गळ्यापर्यंत.

"हा नको, बाबा."

समोर भिंत होती, वर ते उंच छत. मी वर बघितलं नाही. तोंड उघडलं आणि श्वास खाली सोडला, जिथं कित्येक वर्षं मी त्याला जाऊ दिलं नव्हतं तिथं. आत काहीतरी करकरलं, आणि मग खोकला आला, खालनं, सगळा. नळ स्वयंपाकघरात होता, बंद. खोकला संपेपर्यंत तिनं नळी पाठीवरनं उचलली नाही.